सोळाच्या खाली

वरच्या मजल्यावर क्सावेरी मरायचा
आणि खाली माझ्या कपाटात बश्या वाजायच्या.
रोज रात्री दहाला.
तिसऱ्या आठवड्यात मी काठी घेऊन वर गेले, भांडायलाच.
दार उघडून म्हणाला,
"गेनोवेफाबाई, गुहेत पुढे वाटच नाहीये."

टीव्ही जुन्या बाजारातला, एका कोपऱ्यात टवका उडालेला.
पडद्यावर काळं.

मला काळं दाखवू नये कुणी.
वुचच्या रंगशाळेत चोवीस वर्षं काळ्याच्या हौदावर होते मी,
लग्नाच्या फोटोत हातमोजे आहेत ते नखांसाठी.
काळ्याला कल असतो.
एखादं तांबड्याकडे झुकतं, एखादं निळ्याकडे,
एखादं शेवाळी निघतं
आणि ते दोनदा धुतल्यावर कळतं.
हे तसलं कुठलंच नव्हतं.
"हे काळं नाही रे," मी म्हटलं, "हे नुसतं न दिसणं आहे."

त्याने सेटिंग उघडलं.
वर लिहिलेलं: पूर्ण. त्याखाली: मर्यादित.
"पूर्ण मिळत असताना मर्यादित कोण घेईल, बाई?"
तेवीस वर्षांचा आहे. असं विचारायचंच वय.

मग माहितीपत्रक शोधलं, सोफ्याच्या फटीतून,
आणि बोट ठेवून वाचलं मला:
कन्सोल शून्यापासून बोलतो, दोनशे पंचावन्नपर्यंत.
टीव्ही सोळापासून ऐकतो, दोनशे पस्तीसला कान मिटतो.
सोळाच्या खालचं सगळं त्याला सारखंच,
तीन काय, नऊ काय, पंधरा काय.
आणि वरच्या टोकाला
ढग, बर्फ, चुन्याची भिंत, सगळं मिळून एक पांढरं भगदाड.

आमचा मुकादम बोलेस्लाव्ह असाच ऐकायचा.
प्रत्येक ताग्यावर एकच शेरा: काळा, ठीक.
त्याच्या सहीने एक कोट गेला,
बाह्या एका हौदातल्या, धड दुसऱ्या,
कारखान्याच्या दिव्याखाली एकजीव.
नवऱ्याला पुरून ती बाई ट्रामने परतत होती,
दुपारचं ऊन आलं खिडकीतून
आणि बाह्या हिरव्या.
तशीच फाटकाशी आली. ओरडली नाही.
दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली फक्त.
बोलेस्लाव्ह मागच्या दाराने गेला.
मी खिडकीत होते. मीही खाली गेले नाही.

"आधी खोलीतला दिवा घालव," मी म्हटलं.

पहिल्यांदा त्याने दोन्हीकडे बदललं,
कन्सोलवरही, टीव्हीवरही,
तर सगळ्या अंधाराची राख झाली, ताकात कालवल्यासारखी.
टीव्हीच्या यादीत काळ्याची पातळी: कमी, सामान्य.
कमी म्हणजे कमी काळं की जास्त,
ते करणाऱ्यालाच ठाऊक.
एक मागे घेतलं. एक ठेवलं.
मग तपासणीचे चौकोन आणले पडद्यावर,
नंबर घातलेले, एकमेकांना चिकटून.

सोळा दिसला नाही. दिसायचाच नव्हता.
"अठरा," क्सावेरी म्हणाला. "एकोणीस. वीस."
मी अजून सतराशी होते.
काळ्याच्या कडेला एक चौकोन,
असेल नसेल इतकाच,
पण होता. डोळा हलवला की जायचा
आणि थांबलं की यायचा.

गुहेत पायऱ्या होत्या.
उजव्या हाताला, ओल्या, छिन्नीने काढलेल्या.
पायथ्याशी एक म्हातारा बसलेला,
मांडीवर दोरखंड, न पेटवलेला कंदील.
क्सावेरी बराच वेळ बटण दाबेना.
"मी याच्या अंगावरून पळालोय, बाई," म्हणाला,
"रोज."

अकराला निघाले.
जिन्यातला दिवा मार्चपासून गेलाय.
तो फोनचा उजेड घेऊन मागे आला, मी नको म्हटलं.
कठड्यावर हात ठेवून थांबले जरा,
डोळ्यांना वेळ दिला.
मग एक आली, मग तिच्याखालची.

चोपन्न वर्षं राहते या घरात,
मोजल्या नव्हत्या कधी.
सतरा आहेत.